पेरूचा पाहुणा

आमची नात तिसरीत असताना तिला प्राणी पाळायची हौस आली. वर्गात कुणाकडे कुत्रा होता, कुणाकडे मांजर. हिला मात्र कुणाकडेच नाही असं काहीतरी हवं होतं. पहिली मागणी पोपटाची झाली, दुसरी पाठीवर चांदण्या असलेल्या कासवाची. मी तिला समजावलं, की 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं हे दोन्ही जीव घरात ठेवणं गुन्हा आहे. गल्लीत चार घरी पोपटाचे पिंजरे टांगलेले आहेत, हे तिनं लगेच माझ्या निदर्शनाला आणून दिलं. आता यावर कवी काय बोलणार?

शेवटी 2022 च्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दुकानातून एक तपकिरी-पांढरा, मुठीएवढा जीव घेऊन आलो. दुकानदार म्हणाला, "गिनिपिग आहे. काहीही खातो. फक्त हिरवं देऊ नका, पोट बिघडतं." नातीनं नाव ठेवलं बदाम.

घरात पाऊल टाकताच अम्मानं विचारलं, "क्या है ये?" नातीनं शाळेतलं इंग्रजी पाजळलं आणि 'पिग'चा अर्थही सांगितला. झालं! "घरमें सुव्वर लाते क्या? तौबा तौबा!" म्हणत अम्मा उठून आतल्या खोलीत गेली. ऐंशी वर्षांच्या आईला समजावणं हे मुशायरा जिंकण्यापेक्षा कठीण. मी सांगितलं, की हा डुक्कर नाही आणि गिनी देशाचाही नाही. उंदीर-खारींच्या कुळातला, दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताकडचा. तिकडं पेरू देशात हजारो वर्षांपासून लोक याला घरात पाळतात आणि सणासुदीला खातात. कुस्को शहरातल्या कॅथेड्रलमध्ये येशूच्या अखेरच्या भोजनाचं चित्र आहे, त्यात मधल्या ताटात हाच प्राणी असल्याचं मानलं जातं. अम्मा म्हणाली, "मग बकरीच म्हणायची की!" आणि बदामला घरात जागा मिळाली.

इथंच आमचं चुकलं. अम्मानं जन्मभर शेळ्या पाळल्या. लेंडी बघून ती शेळीचं दुखणं ओळखायची. त्याच अनुभवानं तिनं बदामला ज्वारी घातली, कडबा घातला, चपातीचे तुकडे घातले. नात बिस्किटं द्यायची. हिरवं पान कुणीच दिलं नाही, कारण दुकानदाराचा शब्द. तीन-चार आठवड्यांत बदाम मलूल झाला. मागचे पाय ओढू लागला. उचललं की किंचाळायचा. नात रात्री त्याच्या खोक्याशेजारी चटई टाकून झोपायला लागली.

जनावरांच्या डॉक्टरांनी सांधे चाचपले, तोंड उघडून पाहिलं आणि विचारलं, "हिरवं काय देता?" मी गप्प. मग त्यांनी सांगितलं, की कुत्रा, मांजर, शेळी यांच्या शरीरात क जीवनसत्त्व आपोआप तयार होतं. गिनिपिगच्या शरीरात होत नाही, तसंच माणसाच्याही होत नाही. ते अन्नातूनच मिळावं लागतं. नाही मिळालं तर स्कर्व्ही होतो, पूर्वी महिनोन्महिने जहाजावर राहणाऱ्या खलाशांना व्हायचा तोच.

घरी येऊन मी याविषयी वाचलं. 1907 मध्ये नॉर्वेतल्या होल्स्ट आणि फ्रोलिक या दोन संशोधकांनी गिनिपिगना नुसतं धान्य खायला घातलं. त्यांना स्कर्व्ही झाला. कोबी दिल्यावर ते सुधारले. क जीवनसत्त्वाचा शोध पुढं लागला, त्याच्या वाटेवरचा हा मोठा टप्पा. श्रोतेहो, वाचता वाचता माझा हात थांबला. आमच्या घरात आम्ही नकळत तोच प्रयोग करत होतो.

आणखी एक कबुली देतो. तरुणपणी मी एक कविता लिहिली होती. गरिबांवर धोरणांचे प्रयोग होतात, आम्ही तुमचे गिनिपिग आहोत, अशा आशयाची. संमेलनांत तिला टाळ्या मिळायच्या. तोवर मी हा प्राणी कधी पाहिलाही नव्हता. त्याला काय लागतं, तो कशानं ओरडतो, यातलं काही मला ठाऊक नव्हतं. शब्द मात्र बिनदिक्कत वापरला.

डॉक्टरांनी औषधाचे थेंब दिले आणि आहार लिहून दिला. रोज ताजं गवत, कारण याचे दात जन्मभर वाढतात आणि गवत चावूनच झिजतात. थोडी कोथिंबीर, ढोबळी मिरची आणि पेरूची एक छोटी फोड. पेरूत संत्र्याच्या जवळजवळ चौपट क जीवनसत्त्व असतं. पेरू देशाचा पाहुणा सोलापूरच्या पेरूवर उठून बसला. आठवडाभरात चालायला लागला. एक पाय मात्र अजून जरा आखडलेलाच आहे.

मग कळलं, की हा कळपातला जीव आहे, एकटा ठेवला तर झुरतो. स्वित्झर्लंडनं तर 2008 मध्ये, गिनिपिग एकटा पाळायचा नाही, असा नियमच केला. म्हणून दुसरा आणला, तोही नरच, नाहीतर घराचा गोठा झाला असता. उन्हाळ्यात पारा 40 अंशांवर गेला की हे दोघं आमच्या खोलीत, ओल्या फरशीवर, वाळ्याच्या पडद्याआड असतात. आम्ही बाहेर.

आता कुणी 'काहीतरी वेगळा प्राणी घ्यायचाय' म्हणून विचारायला आलं, की मी रंग-रूपाचं बोलतच नाही. कुत्र्या-मांजराची भूक आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. शेजारची म्हातारीही सांगू शकते. अनोळखी प्राण्याची भूक सांगणारं घरात कुणी नसतं आणि तो स्वतः तर दुखणं लपवतोच. तेव्हा त्याला आणण्याआधी महिनाभर त्याच्याविषयी वाचा. त्याच्यावर उपचार करणारा डॉक्टर गावात आहे का, ते पाहा. सापडला नाही, तर हौस आवरा.

ती कविता मी आता वाचत नाही. अम्मा मात्र रोज सकाळी भाजीवाल्याला थांबवते. "एक पेरू दे," म्हणते, "कच्चा नको. आमच्या सुव्वरला लागतो."