टाळेबंदीतील मुले आणि दुरून केलेले उपचार



मानसोपचारावर बोलायला युनियनचा माणूस कशाला बोलावला, असे आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल. ते रास्तच आहे. आमचे शाळेतले शिक्षण सातवीला थांबले. पुढचे जे झाले ते नगरवाचनालयात आणि गेटसभांत. परंतु गेली तीस वर्षे यंत्रमाग कामगारांच्या आणि घरकाम करणाऱ्या बायांच्या घरी आमचे जाणेयेणे आहे, आणि घर केवढे असते हे आम्हांस ठाऊक आहे. आजच्या विषयात घराच्या मापाला फार महत्त्व आहे.

'टाळेबंदी' हा आमच्या चळवळीतला जुना शब्द. मालक गेटला कुलूप लावी आणि कामगार बाहेर राही. २५ मार्च २०२० पासून देशभर जी टाळेबंदी झाली, तिच्यात कामगार कुलपाच्या आत राहिला. साथ आवरण्यासाठी काही बंधने हवीच होती, हे आम्ही नाकारीत नाही. पण त्या कुलपाआड कोण कोणाबरोबर अडकले आहे, याचा विचार मागाहून झाला. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली मुलांच्या छळाविषयी एक पाहणी प्रसिद्ध केली होती. तेरा राज्यांतल्या बारा हजारांवर मुलांपैकी निम्म्याहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा लैंगिक छळ सोसल्याचे सांगितले, आणि छळणारांपैकी निम्मे लोक मुलांच्या ओळखीतले, विश्वासातले होते. अशा मुलाला एरवी शाळेचा आधार असतो. अमेरिकेत आणि इंग्लंडात त्या दिवसांत छळाच्या तक्रारी उलट घटल्या. छळ घटला म्हणून नव्हे, अंगावरचा वळ पाहून "काय झाले रे?" असे विचारणारे शिक्षकच मुलांना दिसेनासे झाले होते.

आपल्याकडे मात्र फोन वाजत राहिला. १०९८ ही चाइल्डलाइन १९९६ साली मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतून जेरू बिलिमोरिया यांनी सुरू केली, ती मूळ रस्त्यावरच्या मुलांसाठी. २० ते ३१ मार्च २०२० या थोड्या दिवसांत तिच्याकडे तीन लाखांवर फोन आले, आणि त्यांतले सुमारे ९२ हजार छळ व हिंसा यांपासून संरक्षण मागणारे होते, असे त्या संस्थेने तेव्हा सांगितले. या कामात 'मूक फोन' म्हणून एक प्रकार असतो. पलीकडून कोणी बोलत नाही, नुसता श्वास ऐकू येतो. फोन घेणारीने तो ठेवायचा नसतो. "मी आहे, तुला वाटेल तेव्हा बोल," एवढे म्हणून थांबायचे. कधी चौथ्या-पाचव्या फोनला पहिला शब्द येतो.

पण तक्रार घेणे वेगळे आणि उपचार वेगळा. आघात सोसलेल्या मुलांसाठी अमेरिकेत जुडिथ कोहेन, मॅनरिनो आणि डेब्लिंगर यांनी बसवलेली एक पद्धत जगभर वापरतात. साधारण १२ ते १६ बैठका. मुलाशी स्वतंत्र, छळात ज्याचा हात नाही अशा पालकाशी स्वतंत्र, मग दोघांना एकत्र. आधी श्वास, झोप, मनातली भीती ओळखणे. आणि पुरता विश्वास बसल्यावर घडले ते सांगणे. साथीच्या आधीच दक्षिण कॅरोलायनातल्या वैद्यकीय विद्यापीठात ही पद्धत व्हिडिओवरून करून पाहिली होती, म्हणून २०२० साली ती अगदीच नवखी नव्हती. दुरून बोलताना पहिले काम म्हणजे मूल या क्षणी कोठे आहे हे विचारून लिहून ठेवणे. वेळ आली तर मदत धाडायची कोठे? दुसरे, प्रश्न असे विचारायचे की मुलाला 'हो' किंवा 'नाही' एवढेच बोलावे लागेल. कानांत इयरफोन असला म्हणजे शेजारी बसलेल्याला प्रश्न ऐकू येत नाही. तिसरे, एक खुणेचा शब्द. तो उच्चारला की बोलणे तत्काळ अभ्यासावर वळवायचे. आणि भोवती धोका असेल तर घडलेल्या गोष्टीला हातच घालायचा नाही. जखम उघडून फोन ठेवून देणे हा उपचार नव्हे.

आता घराच्या मापाकडे येतो. मुंबईतल्या बीडीडी चाळीची खोली १६० चौरस फुटांची. तिच्यात पाच-सहा माणसे, एक फोन, आणि तोही बहुधा घरच्या पुरुषाच्या हातात. २०१७-१८ च्या सरकारी पाहणीत शंभरांतल्या चोवीस घरांतच इंटरनेट होते. २०१९ ते २१ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत स्वतः वापरता येईल असा मोबाइल जेमतेम ५४ टक्के बायकांकडे होता. ज्या शास्त्राची पहिली अट एकांत, ते शास्त्र या खोलीत शिरणार कसे? आमच्या एका सभासद भगिनीची बारा वर्षांची मुलगी गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे बसून समुपदेशक बाईंशी बोलत असे. कोणी कपडे वाळत घालायला आले की ती म्हणे, "बाई, गणित समजले." त्या महिन्यात तिला गणित फार वेळा समजले. पुढे पाऊस लागला आणि गच्ची गेली.

तरीही दुरून केलेला उपचार निव्वळ तडजोड होता, असे आम्ही म्हणणार नाही. मोलकरणीने मुलाला जिल्ह्याच्या दवाखान्यात न्यायचे म्हणजे खाडा, एसटीचे भाडे आणि मालकिणीची बोलणी. बारा बैठका म्हणजे बारा खाडे! फोनने ते वाचवले. वाढत्या वयाच्या कित्येक मुलांना तर समोर चेहरा नसला म्हणजे बोलणे सोपे जाते.

ऐकणारांविषयीही बोलले पाहिजे. ते आमचे कामच आहे. टाळेबंदीत या बाया स्वतःच्या घरातून, शेजारच्या खोलीत स्वतःचे मूल ठेवून, दुसऱ्याच्या मुलाचे दुःख ऐकत होत्या. मुलीला "कोणाला सांगणार नाही" असे वचन त्यांना देता येत नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने कळलेला गुन्हा कळवणे बंधनकारक आहे, न कळवल्यास शिक्षा आहे. विश्वास मिळवायचा आणि पहिल्या दिवशीच ही मर्यादाही सांगायची, हे कसब चार दिवसांत येत नाही. २०२३ साली शासनाने १०९८ आपल्याकडे घेऊन ११२ शी जोडले आणि तो चालवणाऱ्या स्वयंसेवी संस्था बाजूला झाल्या. शासनाने जबाबदारी घ्यावी ही तर आमचीच मागणी असते. परंतु मूक फोन ऐकायला शिकलेला कान मानधनावरच्या माणसाबरोबर निघून गेला, तर तो निविदा काढून परत मिळत नाही.

आमच्या युनियनने पुढे आपल्या कार्यालयातली मागची खोली मोकळी केली. तिला आतून कडी आहे. मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी तेथे एक फोन, इयरफोन आणि चित्रे काढायला कागद ठेवतो. बाहेर 'शिष्यवृत्ती अर्ज' अशी पाटी असते, म्हणजे येणाऱ्या मुलाकडे कोणी वळून पाहात नाही. कमिटीत वाद झाला तो किल्लीवरून. अध्यक्षांचे म्हणणे, किल्ली पदाधिकाऱ्याकडे हवी. बायका म्हणाल्या, पदाधिकारी सगळे पुरुष आहेत, आणि मूल कोणाच्या भीतीने येते ते आपल्याला ठाऊक नाही. किल्ली आता दोन घरकामगार भगिनींकडे आहे. त्यांनी आम्हांलाही त्या दोन दुपारी कार्यालयात येण्यास मनाई केली आहे, आणि आम्ही त्या वेळी चहाच्या टपरीवर बसतो.