सवड कोणाची?



आमचे शिक्षण यंत्रांच्या खडखडाटात झाले. मानसशास्त्राची पुस्तके आम्ही वाचली ती रात्री, पाळी संपल्यावर. परंतु माणसे मात्र पुष्कळ पाहिली आहेत. त्या बळावर चार शब्द बोलतो.

कामाची वेळ सोयीने निवडू देणारा मालक काही स्वभावांना अधिक भावतो, असे म्हणतात. ज्याला आपली शिस्त आपणच लावता येते, त्याला तो आवडणार. भोंगा झाल्याखेरीज ज्याचे काम संपतच नाही, तो बांधलेली पाळी मागणार. यात तथ्य आहे. परंतु ते अर्धेच.

एका कारखान्यात सकाळी आठ ते दहांच्या दरम्यान केव्हाही कामावर येण्याची मुभा आम्ही मिळवली. आम्हांला वाटले, हुशार, धडाडीची पोरे पुढे येतील. पहिले नाव दिले ते सभेत कधी तोंड न उघडणाऱ्या एका बाईंनी. त्यांच्या सासूबाईंना सकाळी दवाखान्यात न्यावे लागे. आणि ज्याला आम्ही धडाडीचा समजत होतो, त्याने साफ नकार दिला. त्याच्या गावाहून येणारी एस.टी. एकच होती. आम्ही ज्याला स्वभाव म्हणत होतो, ती घरची परिस्थिती निघाली!

ही पद्धत प्रथम गाजली ती १९६७ साली, जर्मनीत म्युनिकजवळच्या ओटोब्रुन येथे, एका विमान कंपनीत. मधले काही तास सर्वांनी हजर राहायचे. येण्याजाण्याची वेळ ज्याची त्याने ठरवायची. पगार मात्र पक्का होता. मुद्दा आहे तो इथेच.

कारण दुसऱ्या तऱ्हेची सवड मुंबईच्या गिरण्यांनी फार पूर्वी पाहिली होती. बदली कामगार रोज सकाळी दरवाजाशी उभा राही. कोणाचा खाडा पडला तर काम, नाहीतर रिकाम्या हाताने परत. ती सवड मालकाची होती. आज घरोघर जेवण पोचवणाऱ्या तरुणालाही सांगतात, "वाटेल तेव्हा काम कर." पण लोकांना भूक लागते ती दुपारी आणि रात्री. पोट भरायचे तर त्याने त्याच वेळी रस्त्यावर असले पाहिजे. त्याचा स्वभाव कोण विचारतो?

वेळ बांधून घेण्यासाठी आमच्या वडीलधाऱ्यांनी झगडा केला. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून मागणी लावून धरली, तेव्हा १८९० साली गिरणी कामगाराला रविवारची सुट्टी मिळाली. तो रविवार आम्ही सहजी सोडणार नाही.

म्हणून तरुणांना आमचे सांगणे एवढेच. सवडीची नोकरी अवश्य घ्या, पण तीन गोष्टी विचारून घ्या. वेळ कोण ठरवणार? काम कमी पडले तर पगाराचे काय? आणि 'आज जमणार नाही' म्हटले तर उद्या नोकरी राहील काय? या तिहींची उत्तरे लेखी मिळाली, की मग आपल्या स्वभावाला खुशाल विचारा. पोटाची चिंता मिटल्यावाचून माणसाचा खरा स्वभाव बोलत नाही.