‘ओके’चा अर्थ

फोनवर बोलताना आपण सारखे ‘हं, हं’ म्हणत असतो. त्या ‘हं’चा अर्थ ‘ऐकतोय’ एवढाच असतो, ‘मान्य आहे’ असा नव्हे. घरात यावरून फार तर भांडण होते. मी नोकरीची बरीच वर्षे हवाई वाहतूक नियंत्रक म्हणून काढली. तिथे या ‘हं’ची आम्हाला भीती वाटे.

त्याला कारण आहे २७ मार्च १९७७ची दुपार. स्पेनच्या कॅनरी बेटांपैकी एका बेटाच्या विमानतळावर बॉम्बस्फोट झाला आणि तिकडे निघालेली विमाने शेजारच्या टेनेरिफ बेटावर, लॉस रोदेओस या छोट्या विमानतळावर उतरवण्यात आली. जागा अपुरी, त्यामुळे विमानांना धावपट्टीवरूनच पुढे सरकावे लागत होते. त्यात धुके उतरले. मनोऱ्यातून धावपट्टी दिसेना, आणि जमिनीवरची विमाने दाखवणारे रडार तिथे नव्हते. एका टोकाला डच कंपनी केएलएमचे जंबो उड्डाणाच्या तयारीत, आणि त्याच धावपट्टीवर समोरून येणारे पॅन ॲमचे जंबो.

नियंत्रकाने केएलएमला उड्डाणानंतर कोणत्या मार्गाने जायचे ते सांगितले. ही उड्डाणाची परवानगी नव्हे, ती वेगळी मिळते. पण त्या वाक्यात ‘टेकऑफ’ हा शब्द होता. सहवैमानिकाने मार्ग परत म्हणून दाखवला आणि शेवटी जोडले, ‘वुई आर नाऊ ॲट टेकऑफ.’ नियंत्रक समजला, हे तयार उभे आहेत. विमान तर धावू लागले होते! तो म्हणाला, ‘ओके.’ क्षणभर थांबून पुढे म्हणाला, उड्डाणासाठी थांबा, मी सांगतो. नेमके त्याच वेळी पॅन ॲमनेही बटण दाबले : आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत.

विमानांचा रेडिओ फोनसारखा नसतो. सर्वांची वारंवारिता एकच, आणि एका वेळी एकानेच बोलायचे. दोघे एकदम बोलले की तिसऱ्याला कर्कश शिट्टी ऐकू येते. केएलएमच्या कॉकपिटमध्ये स्वच्छ पोचला तो फक्त ‘ओके’. ५८३ माणसे गेली.

मला त्यातला एक क्षण अधिक सतावतो. केएलएमच्या फ्लाइट इंजिनिअरला शंका आली होती. ते पॅन ॲम अजून बाजूला झालेले नाही का, असे त्याने विचारलेही. कॅप्टन कंपनीतला नामांकित, इतरांना शिकवणारा. त्याने ठासून ‘होय, झाले’ म्हटले. इंजिनिअरने पुन्हा विचारले नाही.

त्यानंतर नियम कडक झाले. ‘टेकऑफ’ हा शब्द उड्डाणाची प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरायचा, एरवी ‘डिपार्चर’ म्हणायचे. महत्त्वाचा आदेश वैमानिकाने शब्दशः परत म्हणायचा. नुसते ‘ओके’ चालत नाही. पण परत म्हटलेले नियंत्रकाने ऐकायलाही हवे ना! कामाच्या घाईत कान अपेक्षित आकडाच ऐकतो. नवख्या मुलांना मी सांगे, रीडबॅक चालू असताना पुढच्या विमानाचा विचार करू नका.

तरीही सगळे शब्दांनी भागत नाही. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरीजवळ सौदी जंबो आणि कझाकस्तानचे विमान आकाशात धडकले, ३४९ जण दगावले. कझाक विमानाला १५ हजार फुटांवर राहायचे होते, सौदी विमानाला १४ हजारांवर. कझाक विमानातून नियंत्रकाशी बोलत होता रेडिओ ऑपरेटर, विमान चालवणारे दुसरेच. १५ हजारांवर पोचल्याचे त्याने कळवले. रेडिओवर सारे बिनचूक होते; विमान मात्र खाली येतच राहिले. दिल्लीच्या तेव्हाच्या रडारवर विमानाची उंची दिसत नसे. नियंत्रकाकडे होता तो फक्त आवाज. पुढे भारतात टक्कर टाळणारी यंत्रणा विमानांत सक्तीची झाली.

समुद्रावरच्या विमानांना आता आदेश लेखी स्वरूपात पडद्यावर पाठवता येतात. विमानतळाजवळच्या गर्दीत मात्र आजही बोलूनच काम चालते. वारंवारिता एक, विमाने अनेक, आणि बोलायचे एका वेळी एकानेच.