हात मोकळे, पण लक्ष?

1999 साली ब्लूटूथ या बिनतारी पद्धतीचा पहिला आराखडा प्रसिद्ध झाला आणि फोनवर बोलणाऱ्याचे हात दोरीतून सुटले. आज हेडसेट घ्यायला जावे, तर तीन प्रकार समोर येतात. एक, ओठांजवळ मायक्रोफोनची दांडी आणणारा. दुसरा, कानात बसणारे इअरबड. तिसरा, कान उघडे ठेवून हाडांतून आवाज पोचविणारा.

आपण पाहतो, आपल्याला किती छान ऐकू येते! पण संभाषण दोघांचे असते ना? मायक्रोफोन तोंडापासून जितका दूर, तितका गोंगाट अधिक. म्हणून बोलण्यासाठी दांडीवाला सरस. इअरबड सुबक खरे, पण वाऱ्यात पलीकडच्याला नुसती घरघर. तिसरा पायी चालणाऱ्याला बरा. मागून येणाऱ्या गाडीचा भोंगा ऐकू येतो. मात्र गर्दीत पलीकडचे बोलणे बुडते.

तेव्हा दुकानाच्या दारात, रहदारीत उभे राहून घरी फोन लावा आणि विचारा, "माझं बोलणं नीट कळतंय का?" परीक्षा तीच.

आणखी एक. हात सुटले म्हणून मन सुटत नाही. गाडी हाकताना डोळे रस्त्यावर असूनही लक्ष बोलण्यात गुंतते. फोन आला, तर गाडी कडेला घ्या. मग खुशाल बोला.