टिपणयंत्र ते इंटरनेट-टॅब्लेट : नोंदणीच्या कामातील एक अनुभव

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



आपल्या मंडळाच्या कुटुंबनोंदणीचे काम गेली अनेक वर्षे माझ्याकडे आहे. ही नोंद मोबाइलवर, सर्व सभासदांस पाहता येईल अशा रीतीने ठेवावी, असा ठराव यंदा कार्यकारिणीपुढे आला आहे. त्यावर मत देण्यापूर्वी अशाच एका पूर्वीच्या स्थलांतराची हकीकत सांगावी, अशी चिटणिसांची सूचना झाली. म्हणून आपणापुढे उभा आहे.

सन 2001 साली अमेरिकेहून आलेल्या माझ्या पुतण्याने त्याने वापरलेले 'पाम थ्री' नावाचे टिपणयंत्र मला दिले. या घराण्यातील पहिले यंत्र 1996 साली बाजारात आले. त्याचे जनक जेफ हॉकिन्स यांनी यंत्र बनविण्याआधी त्याच मापाचा लाकडी ठोकळा खिशात बाळगून पाहिला होता, असे सांगतात. माप खिशाचे आणि काम रोजनिशीचे, एवढीच त्यांची प्रतिज्ञा. खाली चार कळी : दिनदर्शिका, पत्ते, करावयाची कामे व टिपणे. दोन बारीक सेल घातले की कित्येक आठवडे चिंता नाही. कळ दाबताच पान उघडते. वाट पाहणे नाही. लेखणीने काचेवर लिहावयाचे, पण 'ग्राफिटी' नावाच्या ठरावीक वळणाने. त्यात इंग्रजी 'ए' अक्षराला मधली आडवी रेघ नाही आणि बहुतेक अक्षरे एकाच फटकाऱ्यात संपतात. आयुष्यभर मुलांकडून अक्षरे गिरवून घेणाऱ्या मास्तराला उतारवयाच्या उंबरठ्यावर पुन्हा गिरवावे लागले, याची घरात बरीच थट्टा झाली. देवनागरीची मात्र त्यात सोय नव्हती. त्यामुळे काळे आणि काले ही दोन घराणी यंत्रात एकच होऊन बसली. गावाच्या नावावरून ओळखावी लागत.

सुमारे चारशे कुटुंबांचे पत्ते मी त्यात भरले. पण खरे धन पत्त्यांत नव्हते. प्रत्येक पत्त्यामागे टीप जोडण्याची सोय होती, तीत ते साठत गेले. 'आजींना ऐकू कमी येते, समक्षच जावे.' 'मुलाची गिरणीतील नोकरी सुटली आहे. वर्गणीचा तगादा नको.' 'थोरल्या मुलीची फी मंडळाने भरली; बाहेर वाच्यता नको, असे वडिलांचे म्हणणे.' अशा गोष्टी लोक नोंदणीकाराला विश्वासाने सांगतात. त्या माझ्या खिशात होत्या, आणि टेबलावरील संगणकाशी जोडून ठेवलेली एक प्रत माझ्या घरात. तिसरीकडे कोठेही नाही.

पुढे 2007 साली पुतण्यानेच नोकिया कंपनीचा 'एन 800' हा इंटरनेट-टॅब्लेट आणून दिला. फिनलंडच्या या कंपनीने 2005 च्या अखेरीस '770' हा त्याचा पहिला अवतार काढला होता. तो टेलिफोन नव्हे. बिनतारी जाळ्यातून किंवा जवळच्या मोबाइलमार्फत इंटरनेटशी जोडणारी ती एक हातातली पाटी. आडव्या ओळीत 800 व उभ्या ओळीत 480 ठिपक्यांचा पडदा, स्वच्छ आणि तेजस्वी. 'पाम'वर दोन्हीकडे 160 ठिपके असत, हे ध्यानात घेतले म्हणजे फरक कळेल. वर्तमानपत्र वाचावे, टपाल पाहावे, दूरदेशीचा रेडिओ ऐकावा. परंतु गंमत अशी की, एवढ्या विद्वान यंत्रात कंपनीने साधी दिनदर्शिका दिली नव्हती! ती उणीव हौशी कार्यक्रमलेखकांनी आपल्या परीने भरून काढली. आणि 2007 च्या अखेरीस 'पाम'चे जुने कार्यक्रम त्या पाटीवर चालविणारा एक कार्यक्रमही फुकट मिळू लागला. मला हे अगदी सासरी माहेरची चूल मांडल्यासारखे वाटले. शिवाय नित्य वापर असेल, तर पाटी रोज विजेला टांगावी लागे.

नोंदी हलविण्याचे काम पुतण्याने व मी दिवाळीच्या सुटीत केले. 'पाम'च्या संगणकातील प्रतीतून सर्व मजकूर साध्या अक्षरांत, स्वल्पविरामांनी अलग करून काढता येत असे. तो नव्या यंत्रास समजेल असा करण्यासाठी आम्ही कोणा हौशी माणसाचा एक छोटा कार्यक्रम वापरला. नावे गेली, पत्ते गेले, टेलिफोन गेले. टिपा मात्र मागे राहिल्या. पुतण्या म्हणाला, "काका, थोडा खटपटीचा भाग आहे, त्याही नेऊ." त्यावर मी त्याला थांबविले. जुने यंत्र जगाशी बोलत नव्हते, नवे बोलते. तेव्हा यातले काय तिकडे न्यावयाचे हा प्रश्न कार्यक्रमाचा नसून आपला आहे, असे मला वाटले. मी टिपा एकेक वाचून काढल्या. 'समक्षच जावे' यांसारख्या, कोणाही कार्यकर्त्याच्या उपयोगाच्या, तेवढ्या नव्या यंत्रात हाताने लिहिल्या. नोकरीच्या, फीच्या, सोयरिकी मोडल्याच्या टिपा शाईने एका वहीत उतरविल्या. ती वही आजही मंडळाच्या कपाटात कुलपात आहे.

त्यानंतर यंत्रांचे काय झाले, तेही पाहा. 'पाम' कंपनी 2010 साली हेवलेट-पॅकार्डने विकत घेतली आणि 2011 साली तिची उपकरणे बनविणे बंद केले. नोकियाच्या त्या पाट्यांची परंपरा 2009 च्या 'एन 900' या फोनात जाऊन मिळाली. कंपनीचा हातफोनांचा धंदाच 2014 साली मायक्रोसॉफ्टकडे गेला. आपली नोंद टिकली, कारण तिची साध्या अक्षरांतील प्रत दरवर्षी काढून ठेवली होती. आज ती कोणत्याही संगणकात उघडते.

तेव्हा ठरावास माझा विरोध नाही. तरुण मंडळींना पुण्याहून, बडोद्याहून वा परदेशातून पत्ता सापडावा, हे योग्यच आहे. आता काळे आणि काले हेही वेगळे दिसतील. माझी दुरुस्ती एवढीच : नाव, गाव, पत्ता व टेलिफोन हेही कुटुंबप्रमुखाची लेखी संमती घेऊनच सर्वांस दाखवावे, शेऱ्याचा रकाना मोबाइलवर मुळीच ठेवू नये, आणि दरवर्षी साध्या अक्षरांतील एक प्रत व एक छापील प्रत कपाटात जावी. कपाटाची किल्ली मी आजच अध्यक्षांच्या स्वाधीन करीत आहे. दुसरी चिटणिसांकडे आहेच.