खोलीची चावी आपल्या हातात
(प्रभागसंघाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



परदेशी प्रशिक्षणाची संधी आली की आपल्यातल्या कितीतरी जणी मागं सरतात. विमानाची भीती त्या मानानं कमी असते. खरी भीती असते ती ‘हॉटेलात एकटी कशी राहू?’ ही. आपल्याकडे हॉटेल म्हणजे चहा-भजी, आणि लॉज म्हटलं की लोक भुवया उंचावतात. एकट्या बाईनं लॉजवर राहायचं म्हणजे नावाला बट्टा! म्हणून आज मी मुद्दाम मुक्कामाबद्दलच बोलणार आहे.

मी गेले होते कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया प्रांतात. अटलांटिक समुद्राच्या काठचा हा प्रांत. राजधानी हॅलिफॅक्स. तिथं डाउनटाउनमध्ये, म्हणजे शहराच्या मधल्या बाजारपेठेत, दोन रात्री हॉटेलात राहिले. मग पुढं अँटिगोनिशला कोडी संस्थेत प्रशिक्षणाला. याच भागात शंभरेक वर्षांपूर्वी मच्छीमार व्यापाऱ्याच्या उधारीत अडकलेले होते. मासळी त्याला त्याच्याच भावानं द्यायची, आणि किराणा त्याच्याच दुकानातून घ्यायचा. आपल्या सावकारासारखंच की! मग शेजारपाजारचे लोक घराघरांत बसून अभ्यासगट चालवू लागले, हिशोब शिकले, पतसंस्था आणि सहकारी संस्था काढल्या. गटाची बैठक ही काही फक्त आपलीच गोष्ट नाही, बरं का.

आता हॉटेल. काउंटरवर पासपोर्ट आणि क्रेडिट कार्ड मागतात. खोलीचे पैसे संस्थेनं भरले असले तरी अनामत म्हणून कार्डावर काही रक्कम अडकवून ठेवतात. म्हणून निघण्याआधीच संस्थेकडून लेखी घ्या, की अनामतसुद्धा तेच बघतील. भाड्याचं गणितही समजून घ्या. भाडं २०० डॉलर दिसलं तरी तेवढ्यावर भागत नाही. त्यावर १४ टक्के विक्रीकर लागतो, म्हणजे झाले २२८. (१ एप्रिल २०२५ च्या आधी हा कर १५ टक्के होता.) वर शहराचा छोटा मुक्काम-कर वेगळा. बिल वाचल्याशिवाय सही करायची नाही, हे तुम्हाला मी काय सांगू? गटाचं रजिस्टर तुम्हीच लिहिता.

चावी म्हणजे प्लॅस्टिकचं कार्ड. दार ओढलं की आपोआप बंद होतं, म्हणून पाच मिनिटांसाठी बाहेर पडलात तरी कार्ड सोबत पाहिजे. तिथं तळमजल्यालाच पहिला मजला म्हणतात, लिफ्टमध्ये घोळ करू नका. खोलीचा नंबर चारचौघांत मोठ्यानं सांगू नका. रात्री कुणी दार वाजवलं तर आधी दाराच्या भोकातून बघा, मग खोलीतल्या फोनवरून काउंटरला विचारा, आणि खात्री पटली तरच उघडा. दार न उघडणं हा उद्धटपणा नव्हे. अडचणीत ९११ हा नंबर लक्षात ठेवा.

न्हाणीघरात बादली-तांब्या नसतो. टबात उभं राहून शॉवर घ्यायचा आणि पडद्याचं टोक टबाच्या आत ठेवायचं, नाहीतर सगळीकडे पाणी होतं. नळाचं पाणी पिण्यासारखं असतं, बाटली विकत घेऊ नका. खोलीत उदबत्ती लावायची नाही, धुरानं घंटा वाजू शकते. आणि घंटा वाजलीच तर लिफ्ट नको, जिन्यानं खाली या. वीज १२० व्होल्टची आहे. मोबाईलचा चार्जर पिन बदलून चालतो, आपला पाणी तापवायचा रॉड चालत नाही.

रस्ता चुकायचीही भीती नको. हॅलिफॅक्स उतारावर वसलंय. वर सिटाडेल किल्ला, खाली बंदर. चढ धरला की किल्ला, उतार धरला की समुद्र. दुपारी बाराला किल्ल्यावर तोफ उडते, दचकू नका! बंदरावरून पलीकडच्या डार्टमथला फेरीबोट जाते. ही फेरी १७५२ पासून चालू आहे. आणि घरी फोन लावताना एवढं लक्षात ठेवा, उन्हाळ्यात ते आपल्यापेक्षा साडेआठ तास मागं असतात, हिवाळ्यात साडेनऊ.

सकाळी खोली आवरायला बाई येते. तिथल्या हॉटेलांत हे काम करणाऱ्या कितीतरी जणी दुसऱ्या देशांतून पोटासाठी आलेल्या असतात. निघताना त्यांच्यासाठी दिवसाला दोन ते पाच डॉलर ठेवायची पद्धत आहे. ठेवा. कष्टाची किंमत आपल्याला कळते.

तिथली दहा डॉलरची नोट हातात आली तर नीट बघा. तिच्यावर एका बाईचं चित्र आहे. व्हायोला डेसमंड, हॅलिफॅक्सचीच काळी बाई. स्वतःचं ब्युटी पार्लर चालवायची, काळ्या मुलींना ते काम शिकवायची. १९४६ साली धंद्याच्या कामानं निघाली असताना न्यू ग्लासगो गावात तिची गाडी बंद पडली, म्हणून ती सिनेमाला गेली. खालच्या जागा गोऱ्यांसाठी. ती तिथं बसली आणि उठली नाही. वरचे पैसे भरायला तयार होती, तरी तिला ओढून बाहेर काढलं, रात्रभर कोठडीत ठेवलं, आणि तिकिटावरचा एक सेंट कर बुडवला म्हणून दंड केला. एक सेंट! ती १९६५ मध्ये गेली. प्रांताच्या सरकारनं तिला निर्दोष ठरवून माफी मागितली ती २०१० मध्ये. आणि २०१८ मध्ये ती नोटेवर आली. अँटिगोनिशच्या वाटेवर ते न्यू ग्लासगो लागतं.

कुठं बसायचं, कुठं राहायचं, हे बाईला दुसऱ्यांनीच सांगायचं, ही रीत सगळीकडची आहे. आपण घरच्यांशी भांडून जायचं असं मी म्हणत नाही. त्यांना हॉटेलचं नाव-पत्ता लिहून द्या, तीच चिठ्ठी आपल्या पर्समध्येही ठेवा, रोज ठरल्या वेळी फोन करा. विश्वास असाच बसतो.

आता कामाचं बोलते. आपल्यातल्या अनेक जणींच्या आधारवर माहेरचं नाव आहे, आणि बँकेच्या पासबुकावर सासरचं. संधी आल्यावर हे दुरुस्त करायला वेळ मिळत नाही. म्हणून प्रत्येक गटानं या महिन्यात निदान दोघींची कागदपत्रं तपासून नावं एकसारखी करून घ्या, आणि पासपोर्टचा अर्ज भरा. साध्या पासपोर्टची फी १५०० रुपये आहे. एकदम जमत नसेल तर गटातून अंतर्गत कर्ज घ्या. शेळीसाठी घेतो, शिलाई मशीनसाठी घेतो, तसंच हेही.

पुढच्या सभेला येताना त्या दोघींची नावं लिहून आणा.