ऑपरेशन नाही म्हणजे उपचार संपले असे नाही

(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला आयटीतल्या नोकरीविषयी चार शब्द बोलायला सांगितले होते. मी विषय बदलून मागितला आणि त्यांनी तो दिला, त्याबद्दल आभार. सकाळी चहाच्या वेळी बीपी, शुगर, गुडघे यांवर आपले मोकळेपणाने बोलणे झाले. स्तनाच्या कॅन्सरचे नाव मात्र कोणी काढले नाही. तो आपल्या घरांत नाही, असे थोडेच आहे?

माझ्या मोठ्या जाऊबाई आपल्याच तालुक्यात राहतात. चार वर्षांपूर्वी त्यांना हा आजार निघाला, तोही चौथ्या टप्प्याचा. गाठ त्यांना आधीच हाताला लागली होती. पण ती दुखत नव्हती, कापसाची वेचणी सुरू होती, मग मुलीचे लग्न आले. पाठ धरली तेव्हा तपासण्या झाल्या आणि आजार मणक्यात पोहोचल्याचे कळले. त्यांना विचारूनच मी आज हे सांगते आहे.

चौथा टप्पा म्हणजे स्तनातल्या कॅन्सरच्या पेशी शरीरात दूरवर, बहुधा हाडे, फुप्फुस, यकृत किंवा मेंदूत जाऊन रुजणे. मणक्यात गेला तरी तो हाडाचा कॅन्सर होत नाही. पेशी स्तनाच्याच असतात, म्हणून औषधेही स्तनाच्या कॅन्सरचीच लागतात. गाठीचा तुकडा तपासून तो हार्मोनवर वाढणारा आहे का आणि त्यात ‘हर-टू’ नावाचे प्रथिन जास्त आहे का, हे पाहतात. त्यावरून हार्मोनच्या गोळ्या, नेमकी इंजेक्शने की केमो हे ठरते. ‘सुई लावली की कॅन्सर पसरतो’ म्हणून हा तपास टाळणारी माणसे आहेत. तो गैरसमज आहे. तपास टाळला तर योग्य औषधच ठरत नाही.

हा टप्पा सहसा पूर्ण बरा होत नाही, हे मी लपवणार नाही. पण औषधांनी तो आटोक्यात ठेवता येतो, आणि कित्येक बायका वर्षानुवर्षे घर, शेत, नोकरी सांभाळून जगतात.

आमच्या घरी सगळ्यांत मोठा गोंधळ झाला तो ऑपरेशनवरून. डॉक्टरांनी ऑपरेशन करणार नाही म्हटल्यावर नातेवाइकांनी अर्थ काढला, ‘हात टेकले.’ कोणी म्हणाले, कशाला आता पैसा घालवता? मी पेशाने इंजिनिअर. नुसत्या ‘नाही’वर समाधान होईना, म्हणून कारण शोधले. ते आपल्या मुंबईतच सापडले. टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी, निदानाच्या वेळीच आजार पसरलेला होता आणि ज्यांना सुरुवातीच्या औषधांचा गुण आला, अशा ३५० स्त्रियांचा अभ्यास केला. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. एका गटाचे स्तनाचे ऑपरेशन आणि पुढचे स्थानिक उपचार केले, दुसऱ्याचे केले नाहीत. २०१५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला: ऑपरेशनमुळे आयुष्य वाढले नाही. म्हणजे जखम किंवा रक्तस्राव असे काही कारण नसेल, तर ऑपरेशन न करणे हा विचार करून घेतलेला निर्णय असतो. खरा उपचार औषधांचा असतो आणि तो सुरूच असतो.

दुसरा अभ्यासही मुंबईचाच. १९९८ पासून तिथल्या वस्त्यांतल्या सुमारे दीड लाख स्त्रियांचा वीस वर्षे मागोवा घेतला गेला. अर्ध्या भागात प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, अशा चार वेळा, हातांनी स्तनांची तपासणी केली. मशीन नाही, काही नाही. ज्यांना कॅन्सर निघाला, त्यांत तिसऱ्या-चौथ्या टप्प्याचे प्रमाण तपासणी झालेल्या गटात ३७ टक्के होते, दुसऱ्या गटात ४७ टक्के. पन्नाशी ओलांडलेल्या बायकांत या आजाराने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. त्याहून लहान वयात तसा फायदा दिसला नाही, हेही सांगायला हवे. पण शिकवलेल्या दोन हातांनी इतके होऊ शकते, तर शेवगावात का होऊ नये?

सरकारी कार्यक्रमात तिशीपुढच्या स्त्रियांसाठी ही तपासणी आहे. उपचारांसाठी महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचा समावेश आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात, त्यांना आधी भेटावे. ऑक्टोबरात गुलाबी फिती लावून फेऱ्या निघतात, त्या चांगल्याच आहेत. पण त्यांत बोलणे असते ते ‘लवकर ओळखा, बऱ्या व्हा’ एवढेच. जी उशिरा ओळखली गेली, तिने त्या फेरीत कुठे उभे राहायचे?

म्हणून आपल्या बॅचला तीन कामे सुचवते. आपल्यात शिक्षक आहेत, सरपंच आहेत, मेडिकल दुकानदार आहेत. त्यांनी आशाताईंना बरोबर घेऊन शाळेच्या माता-पालक सभेत या तपासणीची माहिती द्यावी. दुसरे, बॅचच्या निधीतून उपचार चालू असलेल्या बाईच्या आणि सोबतच्या माणसाच्या प्रवास-मुक्कामाचा खर्च द्यावा. औषध योजनेत मिळते, पण दर काही आठवड्यांनी नगरला, पुण्याला जायचे तर गाडीभाडे आणि बुडालेला रोज घरातूनच जातो. तिसऱ्या कामाला पैसा लागत नाही. अशा बाईला हळदीकुंकवाला, बारशाला, लग्नाला बोलवा. जाऊबाई मला म्हणाल्या, “औषधाचा त्रास मी सोसते गं, पण लोकांनी मला आधीच वजा केलंय, ते सोसवत नाही.”

मित्रांनो, तुमच्यासाठी एक शब्द वेगळा. घरातली बाई गाठ लागल्याचे सांगेल, तेव्हा ‘वेचणी झाल्यावर बघू’ म्हणू नका. दुसऱ्या दिवशी गाडी काढा.